नसण्याची सवय

माझा नवरा बोटीवर नोकरीला होता. वैशाखात घरी यायचा, गणपती करून परत निघायचा. आमच्या भाट्याच्या किनाऱ्याला अशी घरं पुष्कळ. माणूस नसण्याची सवय बायकोला लागते, आणि तिचं कौतुकही कोणी करत नाही.

त्या वर्षीही गणपती झाले. आमसुलं, मेतकूट, सगळं बॅगेत भरून झालं, आणि निघायच्या आदल्या सकाळी चहा पिता पिता ह्यांनी खुर्चीतच मान टाकली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी रडले नाही. दिवसकार्य उरकलं, माणसं पांगली, आणि भात लावताना माप आपसूक कमी घेतलं गेलं. ते बोटीवर गेले की घ्यायची, तेवढंच. रात्री झोपही लागली. नणंद म्हणायची, "वहिनी, एकदा रड गो. असं कोरडं राहू नये." मी मनापासून प्रयत्न केला. जांभई आली.

मुंबईचे पाहुणे विचारतात, समुद्राच्या एवढ्या आवाजात तुम्ही झोपता कशा? आम्हाला तो ऐकूच येत नाही. रोजचं झालं की मन दखल घेणं सोडून देतं. ह्यांच्या नसण्याचंही तसंच झालं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण आतून मी घाबरले होते. ह्या माणसावर माझं प्रेमच नव्हतं की काय?

वैशाख आला. एका सकाळी मी ह्यांची गादी अंगणात उन्हाला टाकली, कपाटातला त्यांचा खण पुसला, कोळणीकडून चांगली मोठी सुरमई घेतली. दरवर्षी करते तेच. कशासाठी, हे मनात आलंसुद्धा नाही. हात आपले चालत होते.

कॉलेजात जाणारी लेक मोबाइल घेऊन त्या गादीवर जाऊन बसली. मी खेकसले, "ऊठ आधी! बाबा आले की गादी मळली म्हणून मलाच बोलतील."

ती उठली. गादी हाताने झटकली आणि बाजूला उभी राहिली. एरवी एकाला दोन उत्तरं देणारी पोरगी, पण माझं बोलणं तिने खोडून काढलं नाही.

मी अंगणातच बसकण मारली आणि गळा काढून रडले. शेजारीण हातातलं टाकून धावत आली.

"काय झालं गो?"

"हे गेले," मी म्हणाले.