खरवडलेली जीभ

आमचे मामंजी चहाच्या कंपनीत चाखणारे होते. फुर्रकन घोट ओढायचा, तोंडभर फिरवायचा, थुंकायचा आणि निकाल द्यायचा, जन्मभर एवढंच केलं. निवृत्तीनंतर निकाल माझ्यावर सुरू झाले. पहिल्याच घासाला ताट सरकवायचे. "हिच्या हाताला चव नाही." सासूबाई मान डोलवायच्या, नवरा मुकाट जेवायचा. मला डब्यांचा धंदा करायचा होता, जवळच्या एका ऑफिसातले लोक घ्यायला तयारही होते. मामंजी म्हणाले, "लोकांना विष घालणार का?" झालं, घरात त्यांच्या जिभेपुढे अपील नव्हतं.

त्या जिभेचा थाट तरी काय! रोज सकाळी स्टीलच्या पट्टीने खरवडायचे, ओकारी येईपर्यंत. जिभेवरची खरखर म्हणजे मळ, ती गेली की चव खुलते, ही त्यांची ठाम समजूत. बेसिनमधलं रक्त पुसायला मी होतेच.

शेवटी त्यांच्या तोंडाची आग आग व्हायला लागली. दवाखान्यात सोबत मलाच जावं लागलं. डॉक्टरबाईंनी बॅटरी मारून बघितलं आणि आरसा त्यांच्या हातात दिला.

"ही खरखर मळ नसते, काका. बारीक केसांसारखे अंकुर असतात ते. त्यांच्यामध्ये लाल ठिपके असतात, टोकाकडे जास्त. चव कळते ती त्या ठिपक्यांमुळे. तुमची जीभ बघा, फरशीसारखी गुळगुळीत झालीय. मागची मोठ्या अंकुरांची रांगसुद्धा सोडली नाहीत तुम्ही. चव कधीपासून लागत नाही?"

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, मग आरशाकडे.

"हिच्या लग्नाच्या आधीपासून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परतताना म्हणाले, "घरी बोलू नकोस, पोरी." इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी पोरगी झाले! मला काडीचीही दया आली नाही. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

संध्याकाळी भाजी मी केली आणि मुद्दाम मीठ घातलं नाही. सगळे जेवायला बसल्यावर विचारलं, "मामंजी, मीठ कसं झालंय?"

मी गुपित राखणार, आमचं जमलं असं त्यांना वाटलं असावं. दोन घास खाऊन खुशीत म्हणाले, "अगदी बेताचं. हात सुधारला हो तुझा."

नवऱ्याने घास घेतला आणि तो चावायचा थांबला. "बाबा, यात मीठच नाही."

सासूबाईंनी बोट भाजीत बुडवून चाटलं आणि मामंजींकडे बघतच राहिल्या. ते ताटात बघत होते.

"उद्या त्या ऑफिसात डब्यांचं सांगून येते," मी म्हणाले.


कोणी नाही म्हटलं नाही.