लेखी विनंतीशिवाय

या देशाचं परराष्ट्र धोरण दिल्लीत ठरतं अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी अकोल्याच्या जुन्या शहरातले आमचे घरमालक पाहिलेले नाहीत. मोर्णा नदीच्या पुलापलीकडच्या एका गल्लीत, गादीवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून ते रोज संध्याकाळी पाच ते सात या वेळात जगातल्या झाडून सगळ्या फौजा आपापल्या घरी परत पाठवायचे. अमेरिका इराकात घुसली ते वर्ष होतं. मी नुकताच अमरावतीहून बदली होऊन आलो होतो, बायको तिथंच शाळेत शिकवत होती, आणि घरमालकांच्या माडीवरची एकुलती एक खोली माझ्या वाट्याला आली होती. सोमवार ते शनिवार मला बोलायला माणूस नव्हतं. इराकचं झालं ते वाईटच झालं, पण माझ्या संध्याकाळींची सोय त्या लढाईनं केली, हे कबूल करायला हवं.

घरमालक तीस-बत्तीस वर्षं पोस्टमन होते. सगळी गल्ली त्यांना पोस्टसाहेब म्हणे. पोस्टमन दाराशी येतो, हाक मारतो आणि उंबरठ्याबाहेर उभा राहतो. आंतरराष्ट्रीय राजकारणाचा पहिला आणि शेवटचा नियम हाच, अशी त्यांची पक्की खात्री होती. "टपालवाला कोणाच्या घरात पाय टाकत नाही. पेढा द्या, पाणी द्या, बाहेरूनच घेते तो. मंग रणगाड्याले कोणती सूट हाये?" असं ते विचारायचे, आणि जणू रणगाडा मीच आणला होता अशा नजरेनं माझ्याकडे पाहायचे. निवृत्त झाले तरी ते कुणाच्या घरात जात नसत. स्वतःच्या मुलीकडे अंजनगावला गेले की ओसरीवर बसत आणि ओसरीवरूनच परत येत. माझी खोली खरं तर त्यांच्याच घरातली. पण भाडेकरू ठेवला म्हणजे ते परकं राष्ट्र झालं. जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर थांबून ते "पोस्ट" अशी हाक देत, मी "या" म्हटलं की म्हणत, "नाई, इथंच बरं हाये." एकदा माझा स्टोव्ह भडकला. मी चादर घेऊन आगीशी झटापट करतोय आणि दारात हे उभे, शांतपणे विचारताहेत, "मी येऊ काय? तुमी एकदा तोंडानं म्हणा, मंग येतो." माझ्या तोंडात त्या वेळी जे शब्द होते त्यांना परवानगी म्हणता आलं नसतं. शेवटी आग मीच विझवली. दुसऱ्या दिवशी ते गादीवाल्या चाचांना सांगत होते की वेळीच हस्तक्षेप न केल्यामुळे प्रश्न तिथल्या तिथं मिटला. समोरच्या वहिनींच्या कुरडया शेळी खात होती तेव्हाही हे ओट्यावर बसून सगळं बघत होते. वहिनी बाहेर आल्या, कपाळावर हात मारून म्हणाल्या, "पोस्टसाहेब, हाकलायची तरी." हे म्हणाले, "बाई, अंगण तुमचं. तो तुमच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न हाये." वहिनी महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायचा आग्रहही केला नाही, कारण तोही हस्तक्षेपच.

चाचा म्हणजे ज्यांच्या पायरीवर ही सुरक्षा परिषद भरे ते गादीवाले. कापूस पिंजणं, गाद्या-रजया भरणं हा बापापासूनचा धंदा. दुकान उघडलं त्या आठवड्यातलं पहिलं पत्र घरमालकांनीच टाकलं, आणि तेव्हापासून दोघं भांडताहेत. चाचा आत मशीनपाशी, घरमालक बाहेर पायरीवर, मधे उंबरठा. पिंजलेल्या कापसाची लव उडून दोघांच्याही भुवयांवर बसे आणि सात वाजेपर्यंत दोघं बरोबरीनं म्हातारे होत. चाचांचं म्हणणं उलटं होतं. पडोस में कोई चिल्लाया तो जायचं, आधी जायचं, परवानगी नंतर मागायची. "तो इकहत्तर में कावून गए थे हम?" हा त्यांचा हुकमी बाण. घरमालक म्हणत, "ते अलग. तिथली माणसं आपल्या दारात आली होती." "और सीलोन?" "तिथं तं बोलावलं म्हणून गेलो आणि दोन्हीकडून मार खाऊन आलो. पाहा. मालदीव पाहा बरं. त्याइनं फोन केला, आपली पोरं गेली, काम केलं, वापस आली. जेवायलेही थांबली नाई." मालदीवचं नाव घेताना ते पायरीवर जरा ताठ बसत.

त्या उन्हाळ्यात पेपरात येऊ लागलं की इराकात बंदोबस्ताला आपलीही फौज मागताहेत, आणि पायरीवरचा वाद पेटला. गल्लीला वाटलं, चाचा आता विरोधात बोलणार. चाचा म्हणाले, "घुसना गलत था, सरासर गलत. मगर अब घर टूट गया है, बच्चे बाहर बैठे हैं, तो कोई तो जाए झाडू मारने." घरमालक म्हणाले, "झाडू माराले बंदूक लागत नाई. आणि तिथल्या माणसानं बोलावलं कुठं? बोलावून राहिला तो, ज्यानं घर तोडलं." माझं मत विचाराल तर घरमालकांचंच बरोबर होतं. पण मी ते बोललो नाही, कारण दोघांचं एकमत झालं असतं तर सात वाजेपर्यंत मी काय केलं असतं?

या सगळ्यात एक गोष्ट मला दिसत होती आणि मी ती पाहत नव्हतो. मशीन बंद असायचं. ती वर्षं वऱ्हाडात काय होती हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. ज्यांच्या शेतात कापूस, त्यांच्याच घरची लग्नं पुढं ढकलली जात होती, आणि जी लागत होती त्यांत फोमच्या गाद्या येत होत्या. भुवयांवरचा कापूस कमी होत गेला. चाचांचे दोन मुलगे भिवंडीला होते, ते येऊन राहिले. आतून चढलेले आवाज येत. चाचा बाहेर आले की हसत. एका संध्याकाळी त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "पोस्टसाब, मान लो एक मुलूक है. उसके घर में गडबड चल रही है. वो बाहर आवाज नहीं दे सकता, शरम आती है उसको. तो बाजूवाला जाएगा के नहीं?" घरमालक तत्काळ म्हणाले, "लेखी विनंती पायजे." चाचांनी खाली ठेवलेली बशी उचलली. मग म्हणाले, "लिखना नहीं आता हो तो?" घरमालक म्हणाले, "मंग त्याचं तो पाहील." मी तिथं बसलो होतो. प्रश्न कोणत्या मुलखाचा आहे हे मला कळलं होतं, आणि मी चहा संपवला. याची लाज मला आजही वाटते.

चौथ्या दिवशी सकाळी दुकानापुढं मेटॅडोर उभी राहिली. मुलगे दुकान आवरून बापाला भिवंडीला न्यायला सामान काढत होते. घरमालक धुतलेला सदरा घालून आले आणि उंबरठ्याबाहेर, नेहमीच्या जागी, उभे राहिले. चाचा आत रिकाम्या जमिनीवर बसून होते. दोघांत चार पावलांचं अंतर होतं. तासभर हे बाहेर उभे आणि ते आत बसलेले. हे हाकेची वाट पाहताहेत आणि ते यांच्या पावलांची. आत जाऊन "चाचा जाणार नाहीत, त्यांचं इथं मी पाहीन" एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मुलगे वाईट नव्हते, बापाला एकटं कुणाच्या भरवशावर सोडायचं एवढाच त्यांचा प्रश्न होता. हाक आली नाही. शेवटी चाचा उठले, गाडीत ड्रायव्हरशेजारी बसले आणि खिडकीतून म्हणाले, "पोस्टसाब, बाहर का पहरा आपने बहुत अच्छा दिया." गाडी पुलाच्या दिशेनं गेली. घरमालक मला म्हणाले, "त्यानं बोलावलंच नाई नं मले."

पंधरा-वीस दिवसांनी पेपरात पहिल्या पानावर आलं, आपली फौज इराकात जाणार नाही. तीस वर्षांत घरमालक पहिल्यांदा जिंकले होते. मी ऑफिसातून येत होतो, तर ते पेपरची घडी काखेत मारून दुकानाकडे झपाझप चाललेले दिसले. सवयीनं निघाले असणार. पायरीशी पोचले, "पोस्ट" अशी हाक दिली, आणि मग त्यांना कुलूप दिसलं. मी गल्लीच्या तोंडाशीच थांबलो. पुढं जावंसं वाटलं, पण त्यांच्या संगतीत राहून मलाही सवय लागली होती.

मी खोलीवर येऊन दिवा लावला. थोड्या वेळानं जिना वाजला. तिसरी पायरी आली, हाक आली नाही. घरमालक न विचारता सरळ आत आले आणि माझ्या खाटेवर, चाचांनी भरलेल्या गादीवर, बसले. हातानं गादी चाचपत म्हणाले, "मले अंदर जायले पायजे होतं." मग खिशातून पोस्टकार्ड काढलं. वर एकच ओळ लिहिली होती: तुमचा मुद्दा मान्य आहे. पत्त्याची जागा कोरी. साऱ्या जुन्या शहराचे पत्ते ज्यांना पाठ, त्यांनी चाचांना भिवंडीचा पत्ता विचारला नव्हता, कारण तो घरचा मामला. मी खाली उतरून गल्लीभर विचारून आलो. सगळ्यांना भिवंडी माहीत होतं, त्यापुढचं कुणालाच नाही. "असे कार्डं मी स्वतः वापस धाडले हायेत, शेकड्यानं," ते म्हणाले, आणि त्यांनी चाचांचं नाव लिहून खाली ठळक अक्षरांत 'गादीवाले, अकोल्याचे, मुक्काम भिवंडी' असं लिहिलं. परत यायचं झालं तर कुठं यावं म्हणून कोपऱ्यात स्वतःचा पत्ता घातला आणि ते पेटीत टाकून आले.

त्यानंतर माझी बदली होईपर्यंत ते रोज पाच वाजता वर येत, आत येऊन खाटेवर बसत. मी चाचांची बाजू घेऊन बोलायचो, वाईट बोलायचो, आणि ते थोडं ऐकून "बरोबर हाये तुमचं" म्हणत. त्यांच्याशी बोलण्यात मग काही राम उरला नव्हता, पण मी बोलत राहायचो. खाली पोस्टमनची सायकल वाजली की ते मधेच गप्प होत. कार्ड परत आलं नाही. "वापस नाई आलं म्हणजे भेटलं," असं ते मला दर आठवड्याला सांगत. पत्ता नसलेल्या कार्डाचं काय काय होऊ शकतं, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? मी आपला हो म्हणायचो, आणि चहा ठेवायला उठायचो.