दांडी जोडायला बोरी अरबला

ह्या उकुलेलेला खर्च किती आला असं कुणी विचारलं, की मी तारांचे पैसे सांगून मोकळा होतो. खरं म्हणजे त्याला एक अख्खा दिवाण लागला. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत लग्नं पुढं ढकलली जात होती आणि यवतमाळच्या माझ्या फर्निचरच्या दुकानात सागवानी दिवाण धूळ खात होता. त्याच्या पायाची दांडी केली, पाठीच्या फळीचं खोकं. तीन पायांचा दिवाण आता कोण घेणार?

उकुलेले म्हणजे गिटारीचं पिल्लू. चार मऊ तारा. तो होता बोरी अरबच्या वसंतासाठी. मी दुसऱ्यांच्या खुर्च्यांना पॉलिश मारायचो तेव्हापासूनचा हा दोस्त, भीमगीतांच्या पार्टीत मेंडोलिन वाजवायचा. लकव्यानंतर डाव्या हाताची बोटं मंदावली, पोलादी तारा दाबेनात. मेंडोलिन विकून तो मुका बसला. मी उकुलेलेचं बोललो तर म्हणाला, "आन. पन हे शेवटचं. नाही जमलं तर माह्यासमोर वाजवाचं नाव काढू नको."

बोरी अरबला जायला यवतमाळहून सकाळची दारव्ह्याची एसटी पकडा, खिडकी धरा. दिवाळीनंतर निघालात तर दोन्ही बाजूंना बोंडं फुटलेली असतात. धुकं असेल तर शेत कुठं संपलं आणि आभाळ कुठं सुरू झालं ते कळत नाही.

"हे काय होय जी, काका?" कंडक्टरनं माझ्या मांडीवरचं गाठोडं बघून विचारलं.

"वाद्य."

"इतलंसं? मंग मांडीवर कायले घेता? द्या समोर, ड्रायव्हरपाशी. तिथं कोनाचा धक्का नाही लागत."

मला मान मिळाल्यासारखं वाटलं. गाठोडं इंजिनाच्या झाकणावर गेलं आणि मी त्या पांढऱ्या शेतांकडं बघत डुलक्या घेत राहिलो. स्वप्नात वसंता वाजवत होता, आणि बस कापसावरून चालल्यासारखी आवाज न करता चालली होती.

वसंताच्या घरी गाठोड्याची चादर सोडली, आणि माझी झोप उडाली. दांडी पुढं झुकली होती, तारा बोटभर वर उठल्या होत्या. मी सांधा गरम सरसानं चिकटवला होता. सरस उष्णतेनं सुटतो, आणि इंजिन काही थंड राहत नाही.

वसंतानं बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. "झालं?"

"भाऊजी, तुमी दिवान बी असेच विकता काय?" वसंताची बायको, शांतावहिनी, म्हणाल्या. "बसल्यावर मोडनारे?" आणि चुलीवर पाणी ठेवलं.

मी तारा ढिल्या केल्या, उकळत्या पाण्यात फडकं बुडवून सांध्यावर धरलं. दांडीची जीभ खोक्याच्या खाचेतून अलगद निघाली. यवतमाळला ती मी पट्टी लावून, काटकोन बघून बसवली होती, खुर्चीला पाय बसवावा तशी. आता दांडी नुसती अडकवली आणि उकुलेले वसंताच्या छातीशी दिला.

"दाब बरं."

"नाही दबत."

हत्यारांच्या थैलीतून सागाची एक ढलपी काढून खाचेत सरकवली. दांडी केसभर मागं गेली, तारा खाली आल्या.

"अजून," तो म्हणाला.

दुसरी ढलपी सरकवली. त्याचं मधलं बोट थरथरत खाली आलं आणि टेकलं. "हां. इथंच राहू दे. हलवू नको बाप्पा!" तो माझ्यावर खेकसला. कितीतरी दिवसांनी.

मग थैलीतला सरस गरम केला, सांधा भरला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी करून करकचून गुंडाळली. हे ध्यानात ठेवा, सांधा आवळायला शिकंजा नसेल तर ट्यूबसारखं दुसरं काही नाही.

वाळायला ठेवायचं कुठं? भाव वाढायची वाट बघत घरातला कापूस आढ्यापर्यंत रचलेला. त्याच ढिगात उकुलेले निजवला. जेवायला भाकर, ठेचा, तुरीच्या दाण्यांची आमटी. मीही ढिगाच्या कडेला आडवा झालो. मऊ आहे म्हणून तुम्ही भुलू नका, सकाळपर्यंत अंग खाजतं. पण तिथं बाहेरचा कुठलाच आवाज पोचत नव्हता. ढगात शिरल्यासारखी झोप लागली.

सकाळी ट्यूब सोडली. सांधा जागेवर होता. वसंतानं पहिली तार छेडली, तर कापसानं आवाज गिळून टाकला.

"बाहेर चला ना," वहिनी म्हणाल्या.

अंगणात उन्हात त्यानं पुन्हा छेडली. या वेळी ऐकू आली. वहिनी चुलीकडं वळल्या त्या तशाच थांबल्या. त्यानं एक ओळ वाजवली, थांबत, चुकत. मग तीच पुन्हा, कमी चुकत.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या माणसाला मी सांगितलं, "चार तारांत माणूस परत आनला म्या."

"लय केलं," तो म्हणाला आणि तंबाखू चोळू लागला.

घरी आल्यावर बरेच दिवस शर्टाला कापसाचे तंतू सापडत होते. दुकानात दिवाणाची जागा मोकळी झाली, तिथं मी खुर्ची टाकून बसतो. पंधरवड्यानं वहिनींचा फोन आला. सांधा हललेला नाही. वसंता रोज संध्याकाळी अंगणात वाजवतो.

बोटांना दोनच झेपतात, म्हणून चारपैकी दोन तारा त्यानं काढून ठेवल्या आहेत.