सावडीचे अर्थ

दिंद्रुडजवळच्या आमच्या गावात दूध सोसायटीच्या ओट्यावर मी बरीच वर्षं दूध मापलं. दुष्काळात दूध आटलं, कॅन पालथे पडले, पण माणसं सवयीनं येतच राहिली. काम नसलं की किस्से साचतात!

*

एकदा ट्रेनिंगला साहेब आले. म्हणाले, "सहकार हा संस्कृत शब्द. सह म्हणजे सोबत, कार म्हणजे करणं!"

ओट्यावर बसलेले आसाराममामा सोसायटीच्या चेअरमनच्या नव्या गाडीकडं बघत म्हणाले, "असं हाय व्हय! आमी समजलो, कारसह येतो त्यो सहकार!"

सगळे हसले. चेअरमनही हसले. दुसऱ्या दिवसापासून मामांच्या गल्लीत पाण्याचा टँकर थांबेना.

*

सहकाराला मामांचा शब्द वेगळा. "सावड! आज तुज्या रानात मी, उद्या माज्या रानात तू."

किसन आणि दगडू सख्खे भाऊ, बांधावरून अबोला. चाऱ्यापायी दोघांनी एकेक बैल विकला. मग सावड करावीच लागली, नांगरटीला दोघांचे बैल एका जुवाला. पण बोलणं बैलाशीच!

"बैला, सांग त्याला, तास वाकडा चाललाय."

"बैला, सांग त्याला, त्याची नजरच वाकडी हाय!"

एक दिवस किसनचा बैल तासातच बसला, तो उठलाच नाही. किसननं ते रिकामं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

दगडू पुढं आला. मग म्हणाला, "दादा, हो बाजूला. मी धाकटा हाय."

*

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. ज्ञानू बिनलग्नाचा. मुकादम म्हणाला, "अर्धा कोयता नेत न्हाई बे!" आठवड्यात लग्न उरकलं. हळदीच्या अंगानं ट्रकमध्ये चढताना नवरीनं सासूला विचारलं, "मागणी मला घातलती, का कोयत्याला?"

सासूनं तिच्या हातात भाकरीचं गठुडं दिलं.

*

सोपाननाना वारले तेव्हा त्यांची दोन्ही पोरं ऊसतोडीला कर्नाटकात होती. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गावात उरलेले आम्ही गेलो. नानांच्या पत्नी, भामाकाकी, स्वतः आल्या.

राखेवर शिंपडायला पाणी हवं, आणि टँकर आलाच नव्हता. तरी ज्यानं त्यानं घरातून तांब्याभर आणलं, कोणी कोणाला न सांगता. घागर भरली.

काकींनी ओंजळभर शिंपडलं आणि थांबल्या. ऊन मरणाचं होतं.

"ह्यांना आता कशाची तहान? तुमी प्या."

मसणात कोण पाणी पितं? कोणी हलेना.

"प्या म्हणते ना!"

घागर हातोहात फिरली. शेवटी काकी प्याल्या.

मग आम्ही राख सावडायला वाकलो.