सात कोटी एकोणचाळीस लाख

श्रीरामपूरच्या एका कॉलेजात मी गणित शिकवायचे, तेव्हा कोपरगावकडचं एक स्थळ मला बघायला आलं. मुलगा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट, घरी बागायती शेती. सोबत त्याचे आईवडील. स्वयंपाकाचं, नोकरीचं विचारून झाल्यावर त्याच्या आईनं सहज विचारलं, "आवड कशाची हाय?"

मावशीनं आदल्या दिवशी "भरतकाम" असं उत्तर पढवून ठेवलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "संख्यांची."

"कंची संख्या?"

"सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस."

त्याच्या वडिलांनी कप बशीत ठेवला. "कशाचे?"

"कशाचे नाहीत. नुसती संख्या."

मावशीनं डोळे मिटले. मुलगा मात्र पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "तिच्यात काय आहे एवढं?"

मी कागदावर लिहून दाखवलं : ७३९३९१३३. ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडली तर कशानंच भाग जात नाही. शेवटचा आकडा खोडला की उरते तीही मूळ. परत खोडा, परत मूळ. असं करत करत सात उरेपर्यंत.

त्यानं मोबाईल काढला आणि भागायला लागला.

"आरं, पोहे गार झाले," त्याची आई म्हणाली.

"तुम्ही खा. मी सातशे एकोणचाळीसला सतरानं बघतोय."

निघताना चपला घालता घालता त्यानं विचारलं, "मागं अजून एक आकडा लावला तर?"

"मग ती मूळ राहत नाही. अशातली ही सगळ्यात मोठी."

"कशावरून?"

तेवढ्यात सगळे जिना उतरले. मावशी आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. मलाही वाटलं, गेलं हे स्थळ. वाईट वाटलं, हेही खरं.

मग त्याचा फोन आला. "सम आकडे आणि पाच लावून उपयोग नाही. एक किंवा सात लावला तर तीननं भाग जातो. राहिले तीन आणि नऊ. त्यांचं काय?"

"त्यांना भागत बसायला धीर लागतो."

"धीर आहे माझ्याकडे."

दिवाळीनंतर पुन्हा फोन. "लॅबच्या कॉम्प्युटरवर लावून बघितलं. दोन्हींना भाग गेला. तुमचं बरोबर होतं." मग म्हणाला, "आई विचारतीये, काय कळवताय?"

"हो म्हणून सांगा."

माझी आई शेजारी लसूण सोलत बसली होती. "काय झालं?"

"होकार दिला."

"त्यांनी?"

"मी."

तिनं हातातली पाकळी ताटलीत टाकली आणि मावशीला फोन लावायला उठली. लग्न मात्र उसाचा हंगाम संपल्यावरच झालं. कारखाना चालू असताना केमिस्टला रजा मिळत नाही.