पाईपातली कोशाची दोरी

नाकाडोंगरीकडच्या एका खाजगी क्रशरवर, लोखंडी पाईपाच्या आत, माझ्या बायकोनं वळलेली कोशाची, म्हणजे रानरेशमाची, दोरी मी सोडून आलो. ती अजून तिथं आहे की पाईपासकट भंगारात गेली, कोणाला विचारावं? बाकीचं पुष्कळ विसरलो. ती दोरी मात्र विसरत नाही.

मी दुसरी शिकलेला माणूस. पण माझ्या हातच्या वायरिंगला कोणी नावं ठेवलेली मी ऐकून घेतली नाहीत. आणीबाणी उठली त्या सुमारास तिथं वायरमन लागलो. मँगनीजचा दगड वाहून नेणाऱ्या लांब पट्ट्याच्या कडेनं जागोजागी स्विच होते. कोणाचं धोतर-लुगडं पट्ट्यात अडकलं तर स्विचाला हिसका द्यायचा, पट्टा थांबायचा. त्या साऱ्या स्विचांच्या वायरी पाईपातून खालच्या लोखंडी डब्यात यायच्या आणि तिथून मोटारीच्या खोलीत. वायर फिरत नाही, आवाज करत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. पण ती धड नसेल तर दिलेला हिसका फुकट.

पाईपात वायर घालायची तर आत आधी दोरी पाहिजे. वायर तिला बांधायची आणि दुसऱ्या टोकाकडून ओढायची. आमची रीत अशी की वायरीच्या मागं नवी दोरीही आत जाऊ द्यायची. पाईप रिकामा सोडायचा नाही. पुढं कोणाला तरी लागते.

आम्ही सुतळी घालायचो. पण पाईपात ओल राहायची, सुतळी सडायची. एकदा सगळ्यात वरच्या स्विचाची वायर ओढताना गाठ वळणात अडकली आणि सुतळी तुटली. मी शिव्या देत बसलो होतो, तेवढ्यात बायको जेवणाचा डबा घेऊन आली.

"अजी, जेवता का पाईपालेच चारता?"

"सुतळी तुटली वं."

तिनं तुटका तुकडा उचलून पाहिला. "एवढी जाड गाठ कोनं बांधली?"

"मीनं."

"मंग अडकनारच नं."

ती मोहाडीकडच्या कोसा विणणाऱ्या घरची. लहानपणापासून मागावरचे तुटके धागे सांधत आलेली. माहेरून तिनं उरलासुरला धागा आणला, ओसरीवर बसून मांडीवर वळला. तुकडे आखूड, म्हणून जागोजागी सांधे. पण गाठ अशी चपटी की बोट फिरवलं तरी लागू नये. रंग मधासारखा.

ती दोरी घालायच्या दिवशी फिटर हसला. "काय गा, पाईपाले रेशमी करदोडा बांधून राहिला का?"

"तुह्या कमरेले नसंन, माह्या पाईपाले आहे!"

बायको तोंडाला पदर लावून हसली. मी वर शिडीवर, ती खाली वायरींच्या डब्याजवळ; वरून सारलेल्या तारेला तिनं दोरी बांधली. मी ओढायचो, ती सोडत जायची. वळण आलं तसं मी हलकेच ओढलं. गाठ सरकन निघाली. खालून तिनं पाईपाला तोंड लावून विचारलं, "आली का जी?" आवाज बारीक होऊन माझ्या कानाशी आला, जशी काही पाईपातच बसली आहे.

पुढं एका धानाच्या रोवणीच्या हंगामात तापानं ती गेली. लुगडी तिच्या बहिणींनी नेली, रीतच आहे. घरात तिच्या हातचं असं काही राहिलं नाही.

नंतर क्रशरवर नवे साहेब आले आणि तयार केबली आल्या. दोन्ही टोकांना गोल प्लग, फिरवला की बसला. काम चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. प्लग पाईपात शिरत नव्हता, म्हणून केबली बाहेरूनच लोखंडावर आवळल्या. जुन्या वायरी ओढून काढल्या. दोरी तेवढी आत राहिली.

साहेब म्हणाले, "काका, पाहिजे तर घेऊन जा. आता त्या पाईपातून काही जायचं नाही."

मला पाहिजेच होती. शिडी चढलो, ओढू लागलो. पहिला हातभर भाग काळा आला, मँगनीजच्या धुळीचा. मग आतला, मधाच्या रंगाचा. तिचे सांधे एकेक करून बोटांखालून गेले. बरीच दोरी हातावर गुंडाळली आणि थांबलो. हिच्या मागं काय बांधू? नायलॉनची रीळ स्टोरात होती, मागितली असती तर मिळाली असती. पण तिच्या जागी नायलॉन घालायला हात होईना. आणि पाईप रिकामा मी कधी सोडला नव्हता.

दोरी आत ढकलता येत नाही. गुंडाळी सोडली, खाली उतरलो. दोरी घालताना बायको उभी होती तिथं, डब्याजवळ उभा राहिलो आणि खालून परत ओढून घेतली.

फिटर पाहत होता. "काहून गा, नेत होता नं?"

"लागंन कोनाले तरी."

"कोनाले?"

मी शिडीकडे वळलो. वरचं टोक आत तर गेलं नाही, हे पाहायला पुन्हा चढलो. वीतभर बाहेर होतं. ते पाईपाच्या तोंडाशी स्क्रूला बांधलं. तिच्यासारखी चपटी गाठ यावी म्हणून सोडून पुन्हा बांधली, आणखी एकदा बांधली.

जाडच आली.