कृष्णाजीमामांचं वर्तुळ

आमच्या कृष्णाजीमामांना फळ्यावर नुसत्या हातानं वर्तुळ काढताना तुम्ही पाहायला हवं होतं. आधी घसा खाकरायचा, "अं-हं!" मग खांद्यापासून हात एकदाच फिरवायचा, की खडू निघाला तिथंच परत येऊन टेकायचा. पोरं टाळ्या वाजवायची. मामा वळूनसुद्धा न बघता म्हणायचे, "पाइपाचा छेद. याच्यात पाणी. सेरी?" हे "सेरी?" म्हणजे तमिळमधलं "बरोबर?"

तंजावूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात ते पाण्याचा प्रवाह शिकवायचे. मी त्यांच्याकडे राहून शाळेत जाणारी भाची. त्यांचा "अं-हं" मला इतका हुबेहूब यायचा, की चंद्रमतीमामी कॉफीचा टंबलर घेऊन बाहेर यायची, मला बघायची आणि टंबलर घेऊन तशीच परत आत जायची.

त्या वर्षांत जिकडेतिकडे नवी खासगी कॉलेजं उगवत होती आणि अनुभवी मास्तर तिकडे पळत होते. उरलेल्यांत नवे कोवळे लेक्चरर फार. म्हणून कॉलेजानं नियम केला: नव्या लेक्चररनं वर्षभर एका जुन्या सरांच्या हाताखाली राहायचं, आणि शेवटी सर हो म्हणाले तरच नोकरी पक्की. मामांच्या वाट्याला वासुकी आली. आमच्यातलीच, म्हणजे तंजावूरकडच्या मराठी घरातली, पापनाशमची. नोकरी राहिली नाही तर घरचे मद्रासच्या एका स्थळाला होकार देणार, हे तिनं मामीला आल्या आल्याच सांगून टाकलं होतं.

दर शनिवारी ती आमच्याकडे टिफिनला यायची आणि पुढच्या आठवड्याचा धडा मामांना म्हणून दाखवायची. म्हणजे काय, तर मामांचीच नक्कल! तोच खांदा, तेच "सेरी?" फक्त वर्तुळाची इडली व्हायची. खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. या घरात मामांचा आवाज काढायचा हक्क माझा होता.

एका शनिवारी तिचा धडा रंगात आला असताना मामी आतून ओरडली, "अगे, पुरे कर ती मामांची नक्कल! तिकडे वासुकी आलीय, ऐकेल ती!"

वासुकीचा चेहरा एवढासा झाला. मामा आधी हसले, मग हसेनासे झाले.

"हे बघ वासुकी, माझी नक्कल करायला घरात एक माकडीण आहे. तुजला मी कशाला? पुढच्या शनिवारी एक प्रश्न आण, ज्याचं उत्तर मजला येत नाही. आणि वर्गात प्रश्न विचारलास की गप्प राहा. पोरांना बोलूं दे."

आता गंमत बघा. गप्प राहणं मामांनाच कधी जमलं नव्हतं. "पाणी कुठं जाईल?" असं विचारताना उघडलेलं तोंड मिटायच्या आत "खाली जाईल!" म्हणून मोकळे.

वासुकीचे पहिले प्रश्न त्यांनी डोशाचा तुकडा मोडता मोडता उडवले. पोंगलचा सण होईपर्यंत उत्तर शोधता शोधता डोसा गार व्हायला लागला. पुढं दुसऱ्या वर्गांतली पोरं तिच्या वर्गात घुसायला लागली, आणि मामा घरी यायचे ते लाल होऊनच.

"काय चाललंय तिथं? बाजार! पोरं बोलतात आणि मास्तरीण गप्प!"

"तुम्हीच तर सांगितलंत गप्प राहायला," मामी म्हणाली.

"गप्प राहा म्हटलं. वर्ग गाजव नाही म्हटलं!"

"जळतां काय हो?"

"मी? मी कशाला जळूं?" असं म्हणून पचडीत मीठ नाही या सबबीवर त्यांनी ताट सरकवलं. मीठ होतं. मी चाखून पाहिलं.

वर्षाअखेर विभागप्रमुख गुरुमूर्ती तिचा वर्ग बघायला येणार होते. त्या दिवशी सकाळी मामा बुटाची नाडी बांधताना, कुणी विचारलं नसताना म्हणाले, "अजून एक वर्ष शिकूं दे तिला. घाई काय?" मामीनं नुसतं बघितलं. मला सुट्टी होती. मी हट्ट करून स्कूटरवर मागं बसले.

मागच्या बाकावर एका टोकाला गुरुमूर्ती, मध्ये मामा, दुसऱ्या टोकाला मी.

वासुकीनं फळ्याकडे पाठ केली. "पुलावर उभे आहात. खालून कालवा वाहतोय. पाणी किती वेगानं चाललंय, सांगा. हातात घड्याळ नाही."

आणि ती गप्प. पंखा कुरकुरत होता. कुणीतरी चप्पल घासली. मामांच्या घशात "अं" आला, तो त्यांनी गिळला. परत आला. आणि मग, "फ्लोट टाका! स्टॉपवॉच लावा!"

"सर," वासुकी हळूच म्हणाली, "घड्याळ नाही."

वर्ग खो-खो हसला. मामांचे कान तांबडे झाले. वासुकी परत गप्प.

मग गाण्याबजावण्यासाठी प्रसिद्ध तिरुवैयारुची श्रीविद्या उठली. "मॅडम, फूल टाकायचं आणि ताल धरायचा. पुलाच्या या बाजूनं त्या बाजूला जाईपर्यंत किती आवर्तनं होतात, ते मोजायचं."

"आणि तू ताल पळवलास तर?" एक पोरगा ओरडला.

"तुज्यासारखी नाही मी!"

"काठानं फुलाबरोबर चालत जाऊ," तिसरा म्हणाला, आणि मग नुसती धमाल. वासुकी टेबलाला टेकून ऐकत होती. तिच्यामागं फळा कोरा होता.

तास संपल्यावर गुरुमूर्ती दारातच थांबले. "कृष्णाजी, तुमचा शब्द. पक्की करायची, की अजून एक वर्ष?"

आत वासुकी तेच ते खडू पुन्हा पुन्हा डब्यात भरत होती.

मामा गप्प. प्रश्न विचारल्यावर इतका वेळ गप्प राहिलेले मामा मी पहिल्यांदाच पाहिले. जबडा तेवढा हलत होता.

"करा पक्की," शेवटी ते म्हणाले. "पण लिहून ठेवा, वर्तुळ काढतां येत नाही तिला."

परत येताना त्यांनी कालव्याच्या पुलावर स्कूटर थांबवली. मला न विचारता माझ्या वेणीतलं अबोलीचं फूल ओढून पाण्यात टाकलं आणि मांडीवर ताल धरून पलीकडच्या कठड्याकडे धावले. लॉरीवाल्यानं तमिळमध्ये त्यांच्या सात पिढ्या काढल्या. मामा पोचले तोवर फूल पुढं निघून गेलं होतं.

"ताल चुकला. दुसरं दे."

मी दिलं. ते परत धावले, परत चुकले. घाम पुसत स्कूटरजवळ आले.

"तिला सांगूं नको."

"नाही सांगत."

त्यांनी किक मारली आणि मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं.

"करूनही दाखवूं नको."